वस्त्रगाळ ते पटलगाळ : पिण्याच्या पाण्याविषयी वैद्याचा सल्ला

औषधपत्रिकेच्या तळाशी पथ्यापथ्य लिहिताना ‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ हे वाक्य आपण इतक्या सवयीने लिहितो की, त्यातील ‘उकळणे’ आणि ‘गाळणे’ या दोन क्रिया परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत याचे भान राहत नाही. रुग्ण मात्र आता या वाक्यावर थांबत नाही. ‘घरी यूएफ बसवले आहे, तरी उकळायचे का?’, ‘आरओचे पाणी हाडांना वाईट म्हणतात, खरे का?’, ‘शेजाऱ्यांच्या यंत्रात मेम्ब्रेन आहे, आमच्यात नुसती कँडल, चालेल का?’ असे प्रश्न घेऊन तो चिकित्सालयात येतो. विक्रेता एक सांगतो, शेजारी दुसरे सांगतो आणि वैद्य ‘उष्णोदक घ्या’ म्हणून मोकळा होतो. हे उत्तर अनेकदा बरोबर असते. काही गावांत मात्र ते अपुरे असते, आणि काही रुग्णांत चक्क अपायकारक ठरू शकते. ते कसे, हे उलगडण्यासाठी पाणी गाळणे म्हणजे नेमके काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागेल.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४५ वा द्रवद्रव्यविधी अध्याय आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचला आहे. तेथे व्यापन्न जलाचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे सहा दोष सांगून अग्नीवर उकळणे, उन्हात तापविणे, तप्त लोहगोळा, वाळू वा ढेकूळ पाण्यात विझविणे हे उपाय दिले आहेत. त्यापुढे गढूळ पाणी निवळविण्यासाठी सात प्रसादन द्रव्ये स्वतंत्रपणे सांगितली आहेत : कतक म्हणजे निर्मळीचे बी, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूळ, वस्त्र, मुक्ता आणि मणी. आचार्यांनी उकळणे व निवळविणे या क्रिया वेगळ्या ठेवल्या आणि वस्त्राची गणना प्रसादनात केली, तापनात नव्हे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. वस्त्र कलुषता काढते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

येथे एक मोह टाळला पाहिजे. आधुनिक यंत्र दिसले की ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याची आपल्या व्यासपीठांवर एक रीत पडली आहे. विषाणू अडविणारे पटल प्राचीन काळी नव्हते आणि ते होते असे सुश्रुताने कोठेही म्हटलेले नाही. त्याने क्रियांचे वर्गीकरण अचूक केले, हा त्याचा खरा मोठेपणा.

वस्त्राची मर्यादा आणि वस्त्राचे यश

वस्त्रगाळ चूर्ण आपल्या नित्याच्या परिचयाचे आहे. औषधशाळेत १०० क्रमांकाच्या चाळणीतून जे चूर्ण उतरते, त्या चाळणीचे छिद्र सुमारे १५० मायक्रॉनचे असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, रक्तातील तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन, आमातिसाराच्या एंटअमीबाची पुटी १० ते २० मायक्रॉन, विषूचिकेचा व्हिब्रिओ जिवाणू जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद आणि दोन-तीन मायक्रॉन लांब. या हिशेबाने घरातील फडके रोगकारक काहीच अडवणार नाही, असे वाटेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

पहिले उदाहरण नारूचे. उत्तरकालीन ग्रंथांत वर्णिलेला स्नायुक रोग तो हाच, असे मानले जाते. नारूची अळी पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या जलपिसवेच्या पोटात असते, आणि ही पिसू नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखी दिसते. ज्या पायविहिरींत लोक पाय बुडवून पाणी भरीत, तेथे हा रोग टिकून होता. महाराष्ट्रासह सात राज्यांत त्याचा उपद्रव होता. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमात पायविहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे आणि पाणी दुहेरी फडक्यातून वा बारीक जाळीतून गाळून पिणे यांवर भर दिला गेला. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त घोषित केला. या रोगावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. कापडाचा या यशात मोठा वाटा आहे.

दुसरे उदाहरण बांगलादेशातील मतलब भागाचे. डॉ. रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांत स्त्रियांना तळ्या-नद्यांचे पाणी जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्यांतून गाळण्यास शिकविले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विषूचिकेचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. चार ते आठ घड्यांनंतर साडीचे छिद्र सुमारे २० मायक्रॉन राहते. जिवाणू त्याहून कितीतरी लहान, तरीही तो अडला, कारण त्या पाण्यात तो बव्हंशी जलपिसवांना चिकटून राहतो. वाहन अडले की स्वारही अडतो. नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस ठरली, कारण धुवून धुवून तिचे तंतू पिंजले जातात आणि छिद्रे लहान होतात. आपल्या आज्या हंड्यावर जुने लुगडेच का बांधत, याचे हे उत्तर असावे.

परंतु निम्मे रुग्ण घटले याचा अर्थ निम्मे उरले. सुटा जिवाणू, आणि विषाणू तर निश्चितच, या साडीतून आरपार जातो. तेथून पुढे पटलाचे काम सुरू होते.

पटल म्हणजे काय?

पटल हा शब्द आपल्याला नेत्रशारीरातून परिचित आहे. मेम्ब्रेनसाठी ‘कला’ हा शब्दही सुचतो, पण धातू आणि आशय यांच्या मर्यादा सांगणारी कला ही वेगळी, सजीव कल्पना आहे. तिची येथे भेसळ नको. म्हणून ‘पटल’ म्हणू.

पटलाची कल्पना आपल्या मनात ठसविणारा दृष्टांत निदानस्थानातील अश्मरीच्या अध्यायात आहे. बस्तीत मूत्र कसे साठते हे सांगताना सुश्रुताने मुखापर्यंत पाण्यात बुडविलेल्या नव्या घटाचे उदाहरण दिले आहे. घटाच्या तोंडातून पाणी आत न जाताही तो बाजूंच्या सूक्ष्म रंध्रांतून पाझरत भरतो. पटलगाळणात नेमके हेच घडते : भिंत सच्छिद्र, दाब एका बाजूने, पाणी दुसऱ्या बाजूला. आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. पटलातून द्रव निवडकपणे झिरपतो हे युरोपात प्रथम पाहिले ते झाँ-आंत्वान नोले या फ्रेंच अभ्यासकाने १७४८ साली, आणि त्याने पटल म्हणून वापरले होते डुकराचे मूत्राशय. बस्तियंत्राचे पुटक कशाचे करावे हे शिकलेल्या वैद्याला याचे नवल वाटू नये.

आजची पटले कृत्रिम बहुवारिकांची असतात. पॉलिसल्फोन किंवा तत्सम द्रव्य द्रावकात विरघळवून त्याचा पातळ थर पाण्यात बुडविला की द्रावक निघून जातो, बहुवारिक गोठते आणि त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. वरची बाजू दुधावरील सायीप्रमाणे दाट व अतिशय पातळ, खालचा भाग जाळीदार. काम ती साय करते, बळ खालची जाळी पुरविते. १९६० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी अशी असममित पटले तयार केली आणि क्षारयुक्त पाणी गोडे करणे व्यवहार्य झाले. पुढे आपल्याकडेही भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर काम झाले. भाभा केंद्राने घरगुती वापरासाठी विकसित केलेली पॉलिसल्फोनची अतिगाळण पद्धती नळाच्या दाबावर, विजेशिवाय चालते.

पटलांच्या चार श्रेणी मानतात. मायक्रोफिल्ट्रेशन म्हणजे सूक्ष्मगाळणाचे छिद्र साधारणतः दहा मायक्रॉनपासून एक दशांश मायक्रॉनपर्यंत. दहाच्या बाजूचे छिद्र फक्त गाळ आणि मोठ्या पुटी अडवते, लहान छिद्राचे पटल जिवाणूही अडवते. अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘यूएफ’, यात छिद्र एक शतांश मायक्रॉनच्या घरात असते. जिवाणू तर अडतातच, पटल खरोखर तेवढे बारीक असेल तर विषाणूही अडतात. नॅनोफिल्ट्रेशन त्याहून दहापट सूक्ष्म. शेवटी आरओ, त्याच्या पटलाला या अर्थाने छिद्र नसतेच, पाण्याचा रेणू बहुवारिकात शिरून पलीकडे सरकतो आणि क्षार मागे राहतात.

यूएफचे पटल बहुधा शेवईसारख्या पोकळ नळ्यांच्या जुडीच्या रूपात असते. अशा शेकडो नळ्या एका नळकांड्यात बसविल्या की लहानशा जागेत मोठे क्षेत्रफळ मिळते. वृक्करोग्यांच्या डायलिसिस यंत्रातील जुडी याच जातीची असते. रक्तपेशी व प्रथिने आत राहतात, मूत्रविष बाहेर जाते. आपले डायलिसिसवरील रुग्ण ज्या पटलाच्या आधारावर जगतात त्याचेच हे भावंड.

गाळणात जे अडते ते पटलाच्या मुखाशी साठत जाते. त्याचा थर दाट झाला की प्रवाह मंदावतो, आणि जिवाणूंनी तेथे वस्ती केली की चिकट लेप तयार होतो. म्हणून पटलावरून पाणी आडवे वाहते ठेवतात किंवा ठरावीक काळाने उलट्या दिशेने पाणी सोडून ते धुतात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पटलाच्या आधी पाण्यात तुरटीसारखे द्रव्य घालतात. पाण्यातील अतिसूक्ष्म कणांवर बहुधा समान विद्युतभार असल्याने ते परस्परांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी वा निर्मळी त्यांना एकत्र आणते, पुंजके मोठे होतात आणि गाळणे सोपे जाते. कतक आणि वस्त्र एकाच यादीत असण्याचे औचित्य येथे कळते. ती द्रव्ये एकमेकांची पर्यायी नाहीत, पूरक आहेत.

गाळणीतून निसटणारे

१८८४ साली पाश्चरच्या प्रयोगशाळेतील शार्ल शांबरलां यांनी बिनझिलईच्या चिनीमातीची गाळणी तयार केली. जिवाणू तीत अडत. १८९२ मध्ये रशियातील दिमित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा गाळणीतून गाळला, तरी त्या नितळ रसाने निरोगी झाड रोगी झाले. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी या निसटणाऱ्या रोगबीजाला ‘व्हायरस’ म्हटले. विषाणूची पहिली ओळख ही अशी, गाळणीतून निसटणारा म्हणून झाली.

पावसाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या कामलेच्या रुग्णांसंदर्भात ही गोष्ट प्रत्यक्ष उपयोगाची आहे. हिपॅटायटिस ए आणि ई यांचे विषाणू सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे तीन शतांश मायक्रॉन व्यासाचे. मातीच्या कँडलची छिद्रे त्याहून कित्येक पट मोठी असतात. एका भाद्रपदात माझ्याकडे एकाच इमारतीतील तीन कामलारुग्ण आठवडाभरात आले. तिघांच्या घरी कँडलचा फिल्टर होता, पाणी काचेसारखे नितळ होते, आणि म्हणूनच कोणी उकळत नव्हते. तिघांच्याही रक्तात हिपॅटायटिस ईची चाचणी सकारात्मक निघाली. पुढे इमारतीच्या जमिनीखालील टाकीला मैलावाहिनीलगत तडा असल्याचे आढळले. चौथ्या घरात एक गर्भिणी होती. तिला त्याच दिवसापासून उकळलेल्या पाण्यावर ठेवले. अखेरच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

याच विषाणूने डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत हाहाकार केला होता. यमुनेत जेथून पाणी उचलले जाई तेथे नजफगढ नाल्याचे मैलापाणी मिसळले. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन वाढविले, त्यामुळे आंत्रज्वर आणि अतिसार वाढले नाहीत. पण सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ईची होती हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी निश्चित झाले.

याच्या अगदी उलट प्रकार १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात घडला. तेथे क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या पुटी वाळूच्या गाळणीतून निसटल्या आणि अंदाजे ४,०३,००० लोक अतिसाराने आजारी पडले. ही पुटी ४ ते ६ मायक्रॉनची, म्हणजे विषाणूच्या तुलनेत हत्तीएवढी, पण क्लोरीनला ती जुमानत नाही. बारीक पटल तिला सहज अडवते. त्या घटनेनंतर अनेक देशांतील जलकेंद्रांत पटलगाळणाकडे ओढा वाढला. एक रोगबीज गाळणीतून निसटते आणि पुरेशा क्लोरीनने मरते, दुसरे क्लोरीनने मरत नाही आणि गाळणीत अडते. उकळीने मात्र दोन्ही मरतात. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या मलपरीक्षणात कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले होते. त्या दिवसांत ‘घरात फिल्टर आहे, आता उकळायचे कशाला?’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ‘उकळाच’ हेच होते, आणि साथीच्या काळात ते तसेच राहील.

एरवी चांगल्या यूएफ यंत्राचे पाणी मी सुरक्षित मानतो, काही अटींवर. ‘यूएफ’ ही अक्षरे पाहून समाधान मानू नये; छिद्र किती, विषाणूंसाठी परीक्षण झाले आहे काय, हे कागदावर पाहावे. यंत्राची धार महिन्यागणिक मंदावणे स्वाभाविक आहे. धुतल्याशिवाय ती अचानक जोरात येऊ लागली तर आनंद मानू नये, एखादी नळी तुटल्याचे ते लक्षण असू शकते. शेकड्यातील एक नळी तुटली तरी न गाळलेले पाणी थेट पेल्यात येते. शिवाय पटल पाण्यात काहीच मागे ठेवत नाही. क्लोरीनचा अंश संरक्षण म्हणून पाण्यात टिकतो, तसे येथे नसते. गाळलेले पाणी हात बुडवून काढले किंवा उघड्या भांड्यात रात्रभर ठेवले की पुन्हा दूषित होते. शिळ्या, पर्युषित जलाचा निषेध आपल्या शास्त्रात आहे, तो या पाण्यालाही तितकाच लागू आहे.

आणि गाळलेले पाणी म्हणजे उष्णोदक नव्हे. ज्वर, प्रतिश्याय, आमावस्था यांत दीपन-पाचनासाठी आपण उष्णोदक देतो ते निर्जंतुक असते म्हणून नव्हे. तो अग्निसंस्काराचा गुण आहे, आणि कोणतेही पटल तो देत नाही.

विरघळलेला दोष आणि आटविलेले पाणी

आतापर्यंत बोललो ते कणांविषयी. आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. गाळणे कण काढते, उकळणे सजीव कण मारते. पाण्यात जे विरघळलेले आहे त्याला यांपैकी एकही क्रिया स्पर्श करीत नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट हे आयन यूएफच्या छिद्रापुढे इतके सूक्ष्म आहेत की दिंडी दरवाजातून मुंगी जावी तसे ते निघून जातात. उकळल्याने तर त्यांची तीव्रता वाढते, कारण वाफ होऊन जाते ते पाणी. क्षार भांड्यातच राहतात.

इतर कोणत्याही चिकित्सापद्धतीपेक्षा हे आपल्याला अधिक लागू आहे, कारण पाणी आटविण्यास आपणच सांगतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. असे दीड मिलिग्रॅमचे पाणी अर्धावशेष केले तर ३, पादावशेष केले तर ६ मिलिग्रॅम होते. शार्ङ्गधराच्या परिमाणाने सोळापट पाणी घालून अष्टमांश उरविलेल्या क्वाथात ते १२ पर्यंत जाईल. काही अंश द्रव्याच्या चोथ्यात वा भांड्याच्या साक्यात अडकेल हे खरे, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. दोन पलांच्या, म्हणजे ९६ मिलिलिटरच्या एका मात्रेत सुमारे १.१५ मिलिग्रॅम फ्लोराइड जाईल. एकट्या क्वाथाने आकाश कोसळणार नाही. पण रुग्ण दिवसभर पादावशेष उष्णोदक एक लिटर पीत असेल तर त्याचे ६ आणि दोन वेळच्या क्वाथाचे सव्वादोन ही बेरीज दुर्लक्षिण्याजोगी नाही. विहिरीत मुळातच तीन-चार मिलिग्रॅम असेल तर वाचकांनीच गणित करावे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक असल्याचे वर्षानुवर्षे ज्ञात आहे. अशा गावातील चाळिशीचा शेतकरी मानेचा व कमरेचा ताठरपणा, संधिशूल आणि वाकता न येणे ही लक्षणे घेऊन येतो. आपण संधिगत वात किंवा आमवात असे निदान करतो, रास्नादि क्वाथ देतो, पाणी आटवून पिण्यास सांगतो. आणि तो ते सारे त्याच बोअरच्या पाण्यात करतो. अस्थिगत फ्लोरोसिस वातव्याधीचे रूप घेऊन येतो हे लक्षात न आल्यास हेतुसेवन आपल्याच हाताने वाढते. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपण घोकलेली आहे. अशा रुग्णाचे, आणि त्याहून अधिक त्याच्या मुलांचे, दात पाहावेत. खडूसारखे पांढरे डाग किंवा पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर प्रथम पाणी तपासावे, क्वाथ नंतर. तोपर्यंत उष्णोदक द्यायचे झाल्यास फक्त एक उकळी आणावी, आटवू नये. रोगबीजे मरण्यास खळखळून आलेली एक मिनिटाची उकळी पुरेशी असते.

नायट्रेटचेही असेच. खतांच्या आणि शोषखड्ड्यांच्या परिसरातील उथळ विहिरींत ते वाढते. मानकमर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतील बालकाला वरचे दूध पाजताना आई मायेपोटी पाणी दहा-पंधरा मिनिटे खळाखळा उकळत ठेवते आणि नकळत नायट्रेट वाढविते. बाळ निळसर पडण्याचा विकार त्यातूनच उद्भवतो.

विरघळलेल्या दोषांवर पटलांपैकी उपयोगी पडते ते आरओ, काही अंशी नॅनो. फ्लोराइडसाठी सक्रिय अ‍ॅल्युमिनाचे गाळणे आहे, तसेच नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी व चुन्याची नालगोंडा पद्धतीही आहे. गावपातळीवर त्या स्वस्त पडतात, पण देखभाल नसली की बंद पडतात.

मग शहरात घरोघरी आरओ का? याचे वैद्यकीय उत्तर माझ्याजवळ नाही. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा यांचे मुळातच अल्पक्षार पाणी मिळते. त्यातून क्षार काढण्याचे प्रयोजन काय? घरगुती आरओत एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर, कधी अधिक, मोरीत जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली, जेथे एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे आरओच्या वापरास मनाई करावी, असे निर्देश दिले होते. त्यानंतर २०२३ मध्ये केंद्राने जलशुद्धी यंत्रांविषयी नियमही अधिसूचित केले. ‘आरओने हाडे ठिसूळ होतात’ ही भीती मला अतिरंजित वाटते, कारण खनिजे मुख्यतः आहारातून मिळतात. पण नळाचे पाणी गोडे असताना आरओ घेणे म्हणजे अम्लपित्ताची लक्षणे नसताना सूतशेखर घेण्यासारखे आहे. तेथे यूएफ पुरते.

औषधनिर्माण करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी थोडे. नेत्रबिंदूसारख्या, उष्णता न सोसणाऱ्या कल्पांसाठी ०.२२ मायक्रॉनचे पटल वापरतात. पूर्वी ०.४५ मायक्रॉनचे पटल पुरेसे मानीत. त्यातून निसटणारा एक लहान जिवाणू सापडल्यावर मर्यादा खाली आणली गेली आणि आता त्याच जिवाणूने पटलाची परीक्षा घेतात. या पटलातून जिवाणूंचे विष व विषाणू जाऊ शकतात, म्हणून मूळ अर्क आणि पाणी स्वच्छ असणे आवश्यकच राहते. क्वाथशाळेतील पाण्याचे रासायनिक परीक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, करून घ्यावे.

पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते. रासायनिक परीक्षणासाठी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, एक-दोन लिटर नमुना पाठवावा. जंतुपरीक्षणासाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणावी, ती विसळू नये, आणि नमुना थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. अर्जावर फ्लोराइड व नायट्रेट यांची नावे स्वतंत्र लिहावीत आणि बोअर असल्यास तिची खोली नोंदवावी. माझ्या रुग्णपत्रिकेत आहार आणि व्यसन यांच्या रकान्यांशेजारी आता ‘पाण्याचा स्रोत व शुद्धीची पद्धत’ असा रकाना आहे. संधिशूलाच्या आणि कामलेच्या रुग्णांत तो मी सर्वांत आधी भरतो.